धनेशिणीला कोणी सांगायचे?

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात, बेहड्याच्या उंच झाडावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे खारीचेच मोठे भावंड. तांबूस पाठ, लांब झुपकेदार शेपटी, आणि पाय म्हणून कधी जमिनीला लागू द्यायचे नाहीत. आपले हे शेकरू स्वभावाने फार मऊ होते. कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसले की हातातले फळ टाकून हे त्याच्याकडे धावे. कोणी काही मागितले तर याला नाही म्हणता येत नसे, आणि कोणी काही विचारले तर समोरच्याला जे ऐकायला आवडेल तेच याच्या तोंडून बाहेर पडे. रानात सगळे त्याला गुणी म्हणत. त्यालाही ते ऐकून बरे वाटे.

त्याच बेहड्याच्या खोडात, शेकरूच्या घरट्याच्या बरीच खाली, एक जुनी ढोली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहायला आले. मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. चांगला मोठा, काळा-पांढरा पक्षी. भली थोरली पिवळी चोच आणि त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवावी तसे शिंग. त्यांची संसाराची रीत जगावेगळी आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते. नर ओली माती आणून देतो आणि ती आतून ढोलीचे तोंड लिंपून टाकते. उरते ती फक्त एक फट, चोचीचे टोक बाहेर येईल एवढी. मग साप आत येऊ शकत नाही की घोरपड. आत बसल्यावर तिच्या पंखांतली मोठी पिसेही गळून पडतात, त्यामुळे उडायचे म्हटले तरी उडता येत नाही. पिल्लू मोठे होईपर्यंत नर एकटा खाणे आणतो आणि त्या फटीतून भरवतो. तो येतो म्हणून ती जगते. एवढा भरवसा माणसांतही सहसा पाहायला मिळत नाही, पण ते असो.

पहिल्यांदा हे सारे पाहून शेकरू घाबरेघुबरे झाले होते. "वहिनी, आत जीव नाही का घुसमटत तुमचा?" त्याने फटीशी येऊन विचारले होते.

"भाऊजी," धनेशीण आतून हसून म्हणाली होती, "हे आहेत ना बाहेर. मग कसला घोर?"

आणि खरेच, धनेश दिवसभर खेपा घाली. घसा भरभरून फळे आणी, एकेक करून फटीतून आत देई, आणि ती खाईपर्यंत चोच पुसत फांदीवर थांबे. शेकरूला ते पाहायची सवयच लागली. त्या दोघांचे सुख पाहून त्याला आपलेच काहीतरी चांगले चालले आहे असे वाटे.

एके दिवशी भर उन्हात शेकरू शेंड्यावरच्या फांदीवर पाय पसरून पडले होते. ओहोळापलीकडच्या नांदरुकावर फळे लगडली होती आणि धनेश ती तोडण्यात दंग होता. एवढ्यात आभाळातून काहीतरी खाली आले. ती मोरघार होती. डोक्यावर तुरा असलेली, नखांत सशाची मान मोडणारी शिकारीण. पाने सळसळली, एक किंकाळी ऐकू आली आणि थांबली. मोरघार आपले ओझे ओढत पलीकडच्या झाडीत उतरली. काही पांढरी पिसे गिरक्या घेत ओहोळात पडली. हे सारे पाहिले ते एकट्या शेकरूने.

 थोडा वेळ शेकरू फांदीला नुसते चिकटून राहिले. मग त्याच्या मनात पहिला विचार आला तो अगदी योग्य होता. वहिनींना सांगायला हवे. धीर एकवटून ते खोडावरून खाली निघाले. काय बोलायचे तेही त्याने ठरवले.

नखांचा खरखर आवाज ऐकताच फटीतून चोचीचे टोक बाहेर आले.

"भाऊजी, तुम्ही होय? मला वाटलं हेच आले. बरं झालं आलात! पिल्लू झालं हो, आत्ताच झालं. डोळे मिटलेलेच आहेत अजून, पण मान बघा कशी वर करतंय. ह्यांना अजून ठाऊकच नाही. आज कुठं अडकलेत कोण जाणे. तुम्हाला दिसले का कुठं?"

शेकरूचे तोंड उघडले. शब्द जिभेवर आलाही होता. पण आतून इवलीशी चीं ऐकू आली, आणि त्याच्या तोंडून भलतेच बाहेर पडले.

"दिसले की. पलीकडच्या खोऱ्यात गेलेत. इथली फळं संपत आलीत म्हणाले. जरा उशीर होईल, काळजी करू नका म्हणाले."

"हात्तिच्या! मला उगीच धाकधूक," धनेशीण म्हणाली.

आजचा दिवस तिचा आनंदाचा, आज कशाला विरजण घालायचे, उद्या सांगू, अशी शेकरूने स्वतःची समजूत घातली. मुलांनो, असली गोष्ट उद्यावर ढकलली की ती जड होत जाते. शेकरूला हे ठाऊक नव्हते असे नाही.

संध्याकाळच्या आत ते शेजारच्या जांभळीवरच्या म्हाताऱ्या वानरिणीकडे गेले. रानातल्या कितीतरी बाळंतपणांना ती धावून गेलेली, त्यामुळे तिचा शब्द सगळे मानत. शेकरूने रडत रडत घडले ते सांगितले. आजूबाजूचे पशुपक्षीही गोळा झाले. सगळे हळहळले.

वानरीण म्हणाली, "तू सांगितलं नाहीस ते फार चांगलं केलंस. बाळंतिणीला असली बातमी देतात का कधी? अंगावरचं दूध आटतं."

"धनेशिणीला दूध कुठलं, आजी?" वरच्या फांदीवरून कोतवाल म्हणाला. हा काळा, लांब शेपटीचा पक्षी जितका धीट तितकाच तोंडाने फटकळ होता.

"तू गप रे! दूध नसेल तर दुसरं काहीतरी आटेल. रीत ती रीत. सव्वा महिना तिच्या कानावर काही जाता कामा नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोतवालाने मात्र ऐकले नाही. "तिचा नवरा गेला, आता तिला खायला कोण देणार? आज तिच्या चोचीत जोर आहे. ते लिंपण ती आतून फोडू शकते. उडता नाही आलं तरी फांद्याफांद्यांतून हिंडून किडे, पाली, फळं, काहीतरी मिळवेल. जगेल आणि पिल्लालाही जगवेल. पण नवरा येणार आहे असं वाटतंय तोवर ती दाराला चोच लावायची नाही."

"आम्ही आहोत ना सगळे!" वानरीण म्हणाली. "आम्ही घालू तिला खायला."

सगळ्यांना हे फार पटले. सगळे मिळून तिला खायला घालायचे असे ठरले. कोणी कधी घालायचे, ते मात्र ठरले नाही.

दुसऱ्या दिवशी कोतवाल स्वतःच ढोलीपाशी गेला. आता या कोतवालाला एक खोड होती. तो हुबेहूब नकला करी. मोरघारीचा आवाज काढून साळुंक्यांना पळवून लावायचे आणि त्यांनी शोधलेले टोळ आपण मटकवायचे, हा त्याचा नेहमीचा उद्योग. त्यामुळे त्याच्या बोलण्यावर रानात कोणाचा विश्वास नसे. तरी त्या दिवशी तो सरळ फटीसमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, मन घट्ट करा. धनेशदादा गेले. मोरघारीनं नेलं त्यांना. तुम्ही बाहेर या."

 आतून धनेशिणीचा आवाज आला, पण तो कोतवालासाठी नव्हता.

"भाऊजी, वर आहात का? ऐकलंत का हा काय बोलतोय? खरं आहे का हे?"

शेकरू वरच्या फांदीवरच होते. त्याने सगळे ऐकले होते. कोतवाल त्याच्याकडे पाहत होता. पलीकडच्या जांभळीवरून वानरीणही डोळे वटारून पाहत होती. एक हो म्हटले असते तर सगळे निभावले असते. हो म्हणायला कोतवालासारखे धारिष्टही लागत नव्हते. ते काम कोतवालाने आधीच केले होते.

"छे हो वहिनी," शेकरू म्हणाले, "त्याचं काय मनावर घेता? त्याला थट्टेची खोडच आहे."

"असली कसली मेली थट्टा!" धनेशीण संतापून म्हणाली.  कोतवाल उडून गेला.

मी म्हणतो, पहिले खोटे भीतीपोटी सुटले होते. ते एखाद्याला माफ करता येईल. हे दुसरे नाही. खरे सांगणारा एक जण आला होता, आणि गुणी म्हणवणाऱ्या या प्राण्याने त्याला खोटा पाडले.

सुरुवातीला सगळ्यांना उत्साह होता. वानरीण ओंजळभर जांभळे घेऊन आली. साळुंक्यांनी अळ्या आणल्या. मग वानरिणीला वाटले, साळुंक्या नेत असतील. साळुंक्यांना वाटले, वानरे नेत असतील. आणि सगळ्यांना मिळून वाटले, शेकरू आहेच की शेजारी. येता-जाता सगळे झाडाखालून मोठ्याने विचारत, "काय वहिनी, बरं आहे ना?" आणि पुढे जात.

शेकरू आपल्या परीने झटत होते, ते खोटे कशाला बोला. पण त्याच्या तोंडात एका वेळी एकच फळ मावे. फटीतून ते आत सारताना पुष्कळदा खालीच पडे. जवळपासच्या झाडांवर आता फारसे काही उरले नव्हते. फळांनी वाकलेला होता तो एक नांदरुक, आणि तिकडे जायला त्याचे पाय धजत नव्हते, कारण मोरघार अजून त्याच बाजूला घिरट्या घालत असे. एवढ्याशा खाण्यात दोघांचे भागणार कसे? धनेशीण आलेला घास पिल्लाच्या चोचीत घाली आणि आपण तशीच राही.

खोट्याला रोज नवे खोटे लागू लागले.

"ह्यांचा काही निरोप?" ती विचारी.

"भेटले होते ना. तिकडेही फळं कमी झालीत, आणखी लांब जावं लागतंय, तोवर आम्हीच खायला घालावं म्हणाले."

"पिल्लाचं सांगितलंत? काय म्हणाले?"

"आनंदानं नाचायचेच बाकी राहिले होते."

"आणि तब्येत? बरे दिसतात ना?"

"चांगलं अंग धरलंय," शेकरू म्हणे, आणि वर जाऊन घरट्यात तोंड खुपसून बसे. आता त्यालाही अन्न गोड लागत नव्हते. पण आजवर सांगितलेले सगळे खोटे होते, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आता त्याला तिच्या दुःखाची भीती नव्हती. आपण उघडे पडू याची भीती होती.

एकदा धनेशीण आपण होऊनच म्हणाली, "कधी कधी मनात येतं भाऊजी, फोडावं हे दार आणि पडावं बाहेर. पिल्लाचं पोट खपाटीला गेलंय, बघवत नाही. पण हे एवढ्या लांबून घसा भरून यायचे आणि दार मोडलेलं पाहून त्यांचा जीवच जायचा. वाटेल, सापानं खाल्लं दोघांना. आणखी थोडी कळ काढते. काढू ना?"

अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. शेकरूला ते कळतही होते. तरी त्याच्या तोंडून जे निघाले ते इतकेच, "काढा वहिनी. येतीलच आता."

त्यानंतर चोचीचे टोक फटीबाहेर दिसेनासे झाले. धनेशीण बोले, पण आतल्या आत, जमिनीखालून बोलावे तसे. मग एका सकाळी शेकरूने हाक मारली आणि उत्तर आले नाही. त्याने पुन्हा हाक मारली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "आले का हे?"

तेव्हा मात्र शेकरूचा बांध फुटला. खोडाला कवटाळून, फटीला तोंड लावून त्याने सगळे सांगून टाकले. मोरघार, नांदरुक, पांढरी पिसे, सगळे निरोप, सगळे. "मी खोटं बोललो वहिनी. कोतवाल खरं सांगत होता. दादा कधीच गेले."

"कधी?"

"पिल्लू झालं त्याच दिवशी."

ती रागावली नाही. रागावायला तरी अंगात काही हवे ना! ती इतकेच म्हणाली, "तेव्हा मी फोडलं असतं हो, भाऊजी."

मग आतून टकटक ऐकू आली. चोच लिंपणावर आपटत होती. शेकरूने कान लावला. उन्हाने वाळून ती माती दगड झाली होती. टकटक थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. शेकरू ओरडत सुटले, "धावा, कोणीतरी धावा!" आणि स्वतः बाहेरून दातांनी ते लिंपण कुरतडू लागले. त्याच्या हिरड्यांतून रक्त आले. सगळ्यांत आधी आला तो कोतवाल. तोही चोचीने माती उडवू लागला. मागून वानरे आली. शेवटी लिंपणाचा मोठा कपचा निघाला आणि ढोलीत उजेड पडला.

धनेशीण दाराला चोच टेकवून पडली होती. तिच्यात जीव नव्हता. तिच्या पोटाखाली, उरल्यासुरल्या पिसांच्या उबेत, पिल्लू मान वर करून तोंड उघडत होते.

सगळे रान गोळा झाले. सगळे रडले. वानरीण शेकरूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू काय कमी केलंस रे तिच्यासाठी? तिचं आयुष्यच तेवढं, दुसरं काय! तुझ्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं." आजवर शेकरूला असले बोलणे गोड वाटे. आज तो हात पाठीवर जळत्या कोलितासारखा लागला.  पिल्लू चिरकत होते, आणि त्याला आधी खायला हवे होते.

शेकरू उठले आणि नांदरुकाकडे निघाले. मोरघार घिरट्या घालत होती तरी निघाले. त्या दिवसापासून ते रोज तिथे जाऊ लागले. एकदा झडप इतकी जवळून आली की शेपटीचा झुपका मोरघारीच्या नखांत राहिला. कोतवाल मोरघारीच्या डोक्यावर चोची मारून तिला हुसकावी, आणि स्वतःचे टोळ आणून पिल्लाला देई. शेकरूशी तो कामापुरतेच बोले. पिल्लाची काळी पिसे फुटली, पंख भरले, चोच पिवळी झाली. ते शेकरूला काका म्हणू लागले, त्याच्या अंगाला अंग लावून झोपू लागले. शेकरूला ते सुख सोसत नव्हते आणि सोडवतही नव्हते.

उडायला शिकल्यावर एके दिवशी पिल्लाने विचारले, "काका, माझी आई कशानं गेली?"

जांभळीवरून वानरीण घाईघाईने म्हणाली, "आजारी होती रे बाळा. देवानं नेलं तिला." आणि तिने शेकरूला डोळ्यांनी खुणावले. लेकराला कशाला दुखवायचे, अशी ती खूण होती.

पिल्लू मात्र शेकरूकडेच पाहत होते. एवढ्या मोठ्या रानात त्याचा भरवसा होता तो या एका प्राण्यावर. शेकरूला हे माहीत होते. आपण खरे बोललो तर हा भरवसा आज संपेल, हेही माहीत होते. 

"आजारी नव्हती," ते म्हणाले. "धडधाकट होती. तुझे बाबा गेल्याचं मला ठाऊक होतं, आणि मी तिला ते सांगितलं नाही. ते येणार आहेत असं मी तिला सांगत राहिलो. म्हणून ती आत बसून राहिली आणि उपाशी मेली. तू विचारेपर्यंत थांबलो, हेही चुकलंच. मी आधीच सांगायला हवं होतं."

 पिल्लू फांदीवर थोडे दूर सरकले. आणखी थोडे सरकले. मग पंख पसरून उडाले आणि ओहोळ ओलांडून पलीकडच्या रानात गेले. बेहड्यावर ते पुन्हा कधी उतरले नाही. शेकरूने त्याला हाक मारली नाही. ते परत येईल असे त्याने कोणाला सांगितले नाही, आणि स्वतःलाही सांगितले नाही.

तात्पर्य : दुसऱ्याचे दुःख आपल्याला पाहवत नाही म्हणून त्याच्यापासून खरे लपवणे ही दया नव्हे, तो आपलाच भित्रेपणा असतो, दया असेल तर खरे वेळेवर सांगण्याचे धैर्य हवे, आणि सांगून झाल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही आपणच घ्यायला हवी.